‘बिलियन’ : एक अर्थभेद

इंग्रजी व्यापारी भाषेतील संख्यावाचक शब्द निःसंदिग्ध असतात, हा समज ‘बिलियन’ या एका शब्दापुढेही टिकत नाही. ब्रिटनमध्ये त्याचा परंपरागत अर्थ दशलक्षाची दशलक्षपट. अमेरिकेत मात्र सहस्रपटच. १९७४ च्या डिसेंबरात पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेस दिलेल्या उत्तरात, मंत्र्यांनी हा शब्द आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार सहस्रपट याच अर्थी वापरावा, असे स्पष्ट केले. शब्दरूप तेच राहिले, मूल्य मात्र हजारपटीने घटले! जर्मन भाषेत तर या शब्दाच्या सजातीय रूपाचा जुनाच अर्थ आजही रूढ आहे. तेव्हा द्विभाषिक कोशात ‘बिलियन’पुढे नुसते ‘अब्ज’ लिहिणे सदोष होय. जुना ब्रिटिश हिशेब अशा कोशाच्या आधारे वाचणारा अभ्यासक मूळ रकमेचा सहस्रांशच खरा मानून बसेल.