अक्षर कोठे घडते? : इंटरफेस-लायब्ररीची निवड आणि कळंबोलीचा वजनकाटा

संगणकशास्त्रात काही प्रश्न दिसावयास किरकोळ, परंतु परिणामांनी दूरगामी असतात. डेस्कटॉप संगणकावर चालावयाच्या सॉफ्टवेअरसाठी ग्राफिकल इंटरफेसची लायब्ररी कोणती निवडावी, हा त्यांपैकीच एक होय. खिडकी, बटण, यादी, मजकुराची चौकट हे सारे घटक प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने घडवू नयेत, म्हणून त्यांचे तयार संच उपलब्ध झाले. क्यूटी, जीटीके, डब्ल्यूएक्सविजेट्स, टीके, जावाचे स्विंग आणि अलीकडचे इलेक्ट्रॉन ही त्यांतील परिचित नावे. या संचांची तुलना करताना साधारणतः तीन निकष पुढे केले जातात : दिसण्यातील आकर्षकता, शिकण्यातील सुलभता आणि वापरणाऱ्यांची संख्या. हे निकष खोटे नाहीत. पण त्यांना पहिले स्थान देणे मराठी सॉफ्टवेअरच्या बाबतीत सदोष ठरते. त्या तुलनेत एक मूलभूत प्रश्न विचारलाच जात नाही. तो असा की, पडद्यावर उमटणारे अक्षर प्रत्यक्षात कोण घडवितो?

१

हा प्रश्न हवेतला नव्हे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पनवेलजवळील कळंबोली येथे सिडकोने वसविलेला लोखंड-पोलादाचा बाजार आहे. दक्षिण मुंबईतील दाटीच्या पेठांतून हा व्यापार बाहेर हलावा, हा त्यामागील हेतू होता. सळया, पत्रे, अँगल व चॅनेल यांची आवक-जावक येथे ट्रक-ट्रेलरने होते. आणि जेथे लोखंड तेथे वजनकाटा अटळ. गाडी भरलेली असताना एकदा आणि रिकामी असताना एकदा तोलावयाची, दोहोंतील फरक म्हणजे निव्वळ वजन, व त्याची पावती. एवढाच हा व्यवहार. त्याच्या जोडीला माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या माथाडी कामगारांच्या नोंदी असतात. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामगारांची नोंदणी व मजुरी यांना नियमांची चौकट दिली, आणि लोखंड बाजारासाठी स्वतंत्र मंडळही झाले.

अशा एखाद्या काट्यासाठी मराठीतून चालणारे सॉफ्टवेअर लिहावयाचे आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या गरजा थोड्या, पण काटेकोर आहेत. काट्याच्या यंत्राकडून सीरियल पोर्टने येणारा आकडा वाचला पाहिजे, व तो येईपर्यंत खिडकी गोठून राहता कामा नये. गाडीचा क्रमांक, मालाचा प्रकार आणि माणसांची नावे नोंदविली पाहिजेत, पावती छापली पाहिजे, आणि हे सर्व काट्याच्या खोलीतील जुन्या संगणकावर वर्षानुवर्षे चालले पाहिजे. बटणे सुंदर नसली तरी येथे कोणाचे अडत नाही. परंतु ‘कुऱ्हाडे’ या आडनावाचे पडद्यावर वा कागदावर तुकडे झाले, तर ज्याच्या मजुरीची ती नोंद आहे त्याचे निश्चित अडते.

२

देवनागरी लिपी ही सुट्या ठशांची ओळ नव्हे. संगणक अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवितो. दिसण्याचा क्रम त्याहून वेगळा असतो. पहिली वेलांटी साठविली जाते व्यंजनानंतर, पण काढावी लागते व्यंजनाच्या आधी. ‘र्म’ मधील र साठवणीत प्रथम असला तरी रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो. आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांतील आडव्या रेघेसारखा र ही तर मराठीची विशेष गरज आहे. साठविलेल्या क्रमातून लिहिलेले रूप घडविण्याची ही क्रिया कोठे तरी, कोणी तरी करावीच लागते. गेल्या चार दशकांचा इतिहास पाहता या क्रियेचे स्थान वारंवार बदलत गेलेले दिसते.

प्रथम ते यंत्रात होते. कानपूरच्या आय.आय.टी.त उगम पावलेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या जिस्ट तंत्रज्ञानात संगणकात बसवावयाचे एक कार्डच अक्षर घडवीत असे. त्यानंतर ते फॉन्टमध्ये गेले. श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रणालींत अक्षरांच्या तुकड्यांनाच संकेत दिलेले होते. त्यामुळे व्हिज्युअल बेसिकसारख्या, मूळच्या इंग्रजी धाटणीच्या साधनातही केवळ फॉन्ट बदलून मराठी दिसू लागले. ही सोय मोठी होती, पण तिची किंमतही मोठी होती. फॉन्ट नसेल तेथे तोच मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होई; शोध व अकारविल्हे क्रम लावणे तर दूरच राहिले. या काळात लायब्ररीची निवड गौण होती, कारण अक्षर घडविण्याचे काम कोणत्याच लायब्ररीकडे नव्हते.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीचा विभाग भारतीय इस्की संकेताच्या १९८८ च्या रूपावर आधारलेला होता. आता संकेत अक्षराचा झाला, तुकड्याचा राहिला नाही. आणि म्हणूनच तुकडे जुळविणारा कोणी तरी मध्ये आवश्यक झाला. विंडोज २००० मध्ये ते काम कार्यप्रणालीच्या युनिस्क्राइब या भागाने उचलले. लिनक्सच्या जगात मात्र उत्तर एकच नव्हते, आणि समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रकरण तेथेच घडले.

मुंबईच्या एन.सी.एस.टी. या संस्थेने ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. (ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली, तिचे खारघरचे आवार कळंबोलीच्या शेजारचेच म्हणता येईल.) लिनक्सवर खिडक्या व मजकूर पडद्यावर काढण्याचे काम त्या काळी एक्स विंडो सिस्टिम करीत असे. अक्षरे जुळविण्याचे ज्ञान त्या मूळ स्तरातच घातले, तर वरच्या प्रत्येक लायब्ररीला व प्रत्येक प्रोग्रामला भारतीय लिप्या आपोआप प्राप्त होतील, असा इंडिक्सचा विचार होता. तो तर्कदृष्ट्या निर्दोष होता; एका ठिकाणी केलेले काम सर्वांना लाभावे, याहून चांगला न्याय कोणता? पण त्याच सुमारास वारे फिरले. २००० नंतर अक्षरे रंगविण्याचे काम एक्सच्या मूळ स्तरातून निघून प्रोग्रामच्या बाजूला, म्हणजेच लायब्ररीकडे, सरकू लागले. २००२ मध्ये जीटीकेची दुसरी आवृत्ती ‘पँगो’ हा स्वतःचा लिपिघडाईचा भाग घेऊन आली. क्यूटीनेही आपली स्वतंत्र व्यवस्था केली. मूळ स्तरात कष्टाने साठविलेले ज्ञान ज्यांच्यासाठी होते त्या लायब्रऱ्या त्या स्तराला विचारीनाशाच झाल्या.

इंडिक्सच्या कामाला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. योग्य विद्या चुकीच्या मजल्यावर ठेवली गेली, इतकेच त्यातून सिद्ध होते. नेमका हाच धोका आजच्या निवडीतही संभवतो.

३

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, हा सारा वाद आता इतिहासजमा झाला आहे. ‘हार्फबझ’ हे मुक्त इंजिन आज पँगोत, क्यूटीत, क्रोमियममध्ये आणि म्हणून इलेक्ट्रॉनमध्येही आहे. जावानेही २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून तेच स्वीकारले. (नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले.) सर्वांचे अक्षर एकच कारागीर घडवीत असेल, तर निवड पुन्हा रंगरूपावर करण्यास हरकत कोणती?

या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. पहिली गोष्ट अशी की, सर्व लायब्रऱ्या या पंगतीत नाहीत. पायथनबरोबर सहज मिळणारे टीकिंटर विद्यार्थ्यांना प्रिय आहे. पण त्यामागील टीके त्याच्या दीर्घकाळ प्रचलित ८.६ या आवृत्तीत लिनक्सवर जोडाक्षरे जुळवीत नाही. विंडोजवर मात्र, कार्यप्रणालीच्या आधाराने, तेच नीट दिसते. विंडोजवर तपासलेला प्रकल्प लिनक्सवर नेताच वेलांट्या जागा सोडतात, त्याचे कारण हेच. डिअर इमगुई यांसारख्या सुटसुटीत लायब्रऱ्या प्रत्येक संकेताला एक चित्र एवढेच जाणतात. देवनागरीसाठी त्या मुळातच अपुऱ्या आहेत.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी श आणि ल यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात. पण मजकूर मराठी आहे हे इंजिनास कोणी सांगितले, तरच मराठी रूप निवडले जाते. पँगोत मजकुराला भाषेची खूण लावता येते, इलेक्ट्रॉनमध्ये ती पानाच्या भाषेवरून कळते. एखाद्या लायब्ररीत ही खूण कशी पोहोचवावयाची, हे निवडीपूर्वी तपासावयास हवे. अन्यथा मराठी पावती हिंदी वळणात छापली जाईल.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि तेथे कोणतीच लायब्ररी मदतीस येत नाही. ‘ऱ्ह’ मधील र दोन प्रकारे साठविता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही ‘कुऱ्हाडे’ सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी मात्र ते एक होत नाहीत. सकाळच्या कारकुनाने एका कळफलकावर नोंदविलेला माणूस संध्याकाळच्या कारकुनास दुसऱ्या कळफलकावरून शोधताना सापडणार नाही. सुंदर अक्षराने येथे उलट दोष झाकला जातो. लायब्ररीला अक्षर घडविता येते, नाव ओळखता येत नाही. ती जबाबदारी प्रोग्रामरने नोंद साठविण्यापूर्वीच पार पाडावयाची असते.

४

अक्षरानंतरचा निकष हक्काचा. १९९६ मध्ये सुरू झालेल्या केडीई प्रकल्पाने क्यूटी निवडली, तेव्हा तिचा परवाना पूर्णतः मुक्त नव्हता. त्या असंतोषातून १९९७ मध्ये ग्नोम उभा राहिला व त्याने जीटीके स्वीकारली. म्हणजे लायब्ररीच्या परवान्यावरून लिनक्सच्या डेस्कटॉपची दोन घराणी झाली. पुढे २००० मध्ये क्यूटीला जीपीएल व २००९ मध्ये एलजीपीएल परवाना लाभला. आजही पायथनमधून क्यूटी वापरण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. पायक्यूटी जीपीएल अथवा विकतच्या परवान्याने मिळते. तिच्यावर लिहिलेला प्रोग्राम विकत परवाना न घेता ग्राहकास दिला, तर त्याचा मूळ स्रोतही द्यावा लागतो. पायसाइड एलजीपीएलखाली मिळते. तेथे स्वतःचा स्रोत देणे बंधनकारक नाही, मात्र ग्राहकाला लायब्ररी बदलण्याची मोकळीक ठेवावी लागते. डब्ल्यूएक्सविजेट्सचा परवाना याहून सैल आहे. कळंबोलीतील एखाद्या व्यापाऱ्यास प्रोग्राम विकणाऱ्या तरुण पदवीधराने हा भेद पहिल्या दिवशी जाणला पाहिजे. करार झाल्यावर जाणून उपयोग नाही.

तिसरा निकष आयुष्याचा. क्यूटीची पाचवी आवृत्ती २०१२ ची, सहावी २०२० ची. जीटीकेची तिसरी २०११ ची, चौथी २०२० ची. आवृत्ती बदलली की जुना प्रोग्राम काही अंशी नव्याने लिहावा लागतो. काट्याच्या खोलीतील संगणक मात्र असा बदलत नाही. तेथे विंडोज ७ असेल, तर क्यूटीची सहावी आवृत्ती चालणार नाही, आणि २०२३ नंतरचे इलेक्ट्रॉनही चालणार नाही. शिवाय इलेक्ट्रॉन प्रत्येक प्रोग्रामबरोबर एक संपूर्ण ब्राउझर वाहून आणते. दोन वजनांची वजाबाकी करण्यासाठी एवढा भार घालणे म्हणजे सळयांची एक मोळी नेण्यास ट्रेलर जुंपण्यासारखे होय.

५

या विवेचनावरून कळंबोलीच्या काट्यापुरता निर्णय करता येतो. संगणक जुना व विंडोजचा असेल, तर डब्ल्यूएक्सविजेट्स उचित. कारण ती कार्यप्रणालीचेच घटक वापरते व अक्षराचे कामही तिच्याकडेच सोपविते. नोंदींचे तक्ते अनेक असतील, सीरियल पोर्ट व छपाई एकाच संचात हवी असेल आणि उद्या लिनक्सवर जाण्याचा विचार असेल, तर पायसाइडसह क्यूटी अधिक सोयीची. टीकिंटर वर्गातील अभ्यासापुरते ठेवावे.

परंतु निर्णयापेक्षा निकषांचा क्रम महत्त्वाचा आहे. लायब्ररींची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने बटणांचे रंग पाहण्यापूर्वी मजकुराच्या चौकटीत ‘कुऱ्हाडे’, ‘शिल्पा’, ‘कर्त्री’, ‘ॲल्युमिनियम’ हे चार शब्द लिहावेत, पुसावेत, शोधावेत आणि छापून पाहावेत. या परीक्षेस अर्धा तासही लागत नाही. तीत उतरलेल्या लायब्ररींचाच परवाना वाचावा, परवाना मानवला तर आयुष्य मोजावे, आणि रूप सर्वांत शेवटी पाहावे. इंग्रजी जगातील तुलना अक्षराला गृहीत धरतात, कारण तेथे ते गृहीत धरता येते. मराठीत ती मुभा नाही. आणि ज्याचे नाव मजुरीच्या नोंदीत नीट उमटावयाचे आहे, त्या माणसाच्या दृष्टीने ती कधीच नव्हती.