झाकणांची महावस्त्रे

एल अनात्सुई यांच्या कलाकृतींपुढे रसिकाने दोनदा उभे राहावे. एकदा दुरून, एकदा जवळून. १९४४ साली घानात जन्मलेल्या आणि नायजेरियातील न्सुक्का विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या या शिल्पकाराने आधी लाकडी फळ्या करवतीने कापल्या, डागल्या, रंगविल्या. पुढे १९९८ च्या सुमारास टाकून दिलेली मद्याच्या बाटल्यांची झाकणे त्यांच्या हाती आली. ती चपटी करून तांब्याच्या तारेने गुंफली आणि भिंतभर वस्त्रे निर्माण झाली.

दुरून ती जरतारी शालूसारखी झळाळतात. जवळ जाताच मद्याची नावे दिसतात. युरोपीय व्यापाऱ्यांनी मद्याच्या मोबदल्यात आफ्रिकेतून माणसेही नेली, हे त्या झाकणांमागचे दुःख. परंतु झळाळी इतकी मोहक, की पुष्कळदा प्रेक्षक दुरूनच तृप्त होऊन परततो. येथे सौंदर्यच साक्षीच्या आड येते, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

त्याचे उत्तर २०२३ साली लंडनच्या टेट मॉडर्नमधील ‘बिहाइंड द रेड मून’ या मांडणीने दिले. तेथे वस्त्रे भिंत सोडून उंच दालनात लोंबत होती. पहिले तर वाऱ्याने फुगलेल्या शिडासारखे. पाहणाऱ्याला मागे जाऊन उलटी बाजूही न्याहाळता आली. शिडावरून जहाज आठवते, जहाजावरून त्यात कोंबलेली माणसे. झाकणांचे म्हणणे तेथे पुरतेपणी ऐकू आले.