मुखाचा अंक आणि हाताचा अंक

पाठ्यपुस्तकावर टीकालेख लिहिण्याची आपल्याकडे प्रथा नाही. कवितासंग्रह, कादंबरी, नाटक यांचे गुणदोष दिवाळी अंकांतून आवडीने चर्चिले जातात. परंतु ज्या पुस्तकातून लाखो मुले मोजायला शिकतात, त्याकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. २०१९ साली मात्र असे एक पुस्तक अचानक गाजले. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ यासोबत ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’ यासोबत ‘साठ तीन’ अशी संख्यानावे दिसली आणि वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत गदारोळ उठला. मराठी बुडाली अशी हाकाटी झाली, आडनावांवर कोट्याही झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली. पण थट्टेच्या गलक्यात ती थोड्यांनीच ऐकली. बाई २०२३ मध्ये गेल्या. धुरळा आता खाली बसला आहे. तेव्हा त्या वादाचे मोल ठरविण्यास हरकत नसावी.

मुळात अडचण कोणती ते पाहू. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, वीस मागून. लिहिताना मात्र दोनाचा अंक आधी मांडतो आणि पाचाचा नंतर. मुख एका वाटेने जाते आणि हात दुसऱ्या. ही रीत आपल्याला संस्कृतातून प्राकृताच्या मार्गाने मिळाली. जुने ज्योतिषी शब्दांनी संख्या सांगत तेव्हा तेही एककापासूनच आरंभ करीत. पण संस्कृतात निदान शब्दांचे सांधे उघडे होते. शतकानुशतकांच्या वापराने ते झिजून बुजले. दोन हा एकच अंक, परंतु बारा, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी अशा किती सोंगांनी तो येतो! पन्नास कोठे ‘वन्न’ होतो, कोठे ‘पन्न’. सत्तराचा ‘हत्तर’ होतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एक उणा’ची शिस्त पाळणारी भाषा शंभराच्या उंबऱ्यावर ती मोडते आणि ‘नव्व्याण्णव’ म्हणते. थोडक्यात, मराठी मुलाला शंभरपर्यंत पोचायला जवळजवळ शंभर नावे निरनिराळी पाठ करावी लागतात.

कोल्हापूरकराला याहून निराळी रीत शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. गडहिंग्लज, शिरोळ या भागांत कानडी आणि मराठी एकाच अंगणात नांदतात. कानडीत वीस म्हणजे ‘इप्पत्तु’, एक म्हणजे ‘ओंदु’ आणि एकवीस म्हणजे ‘इप्पत्तोंदु’: आधी वीस, मग एक. ‘वीस एक’ ही इंग्रजीची नक्कल आहे असा आक्षेप घेणाऱ्यांनी पंचगंगेच्या काठी उभे राहून दक्षिणेकडे कान दिला असता, तर तो आक्षेप त्यांनीच मागे घेतला असता.

हीच रीत सातासमुद्रापलीकडेही आढळते. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या आश्रयाने केचुआ भाषा बोलणारे लोक राहतात. पेरूच्या केचुआत एकवीस म्हणजे ‘इस्काय चुंका हुकनियुक’. इस्काय म्हणजे दोन, चुंका म्हणजे दहा, हुक म्हणजे एक. शब्दशः ‘एक जवळ असलेले दोन दहा’. अकरा ते नव्याण्णव सारी नावे याच साच्यातली. या लोकांच्या इंका पूर्वजांजवळ आपल्यासारखी लिपी नव्हती. ते दोऱ्यांना गाठी मारून हिशेब ठेवीत. त्या गाठींत स्थानमूल्य आहे हे लेलंड लॉक यांनी १९१२ मध्ये उलगडून दाखविले. मुख्य दोरीजवळ मोठ्या स्थानाच्या गाठी, खाली उतरत एककाच्या. बोलण्याचा क्रम तोच, गाठीचा क्रम तोच. अक्षरशत्रू म्हणून ज्यांना हिणवावे, त्यांच्या मुखाचे आणि हाताचे भांडण नव्हते!

यावरून मराठी हीन ठरते असे मुळीच नाही. प्रश्न इतकाच की या भांडणाची किंमत कोण मोजते? ज्या घरात संध्याकाळी दिवेलागणीला उजळणी होई, त्या घरातल्या मुलाला ‘त्रेसष्ट’ कधी शिकला हे आठवतही नाही. ज्या घरात शाळेची पायरी चढणारे ते पहिलेच पोर, त्याला हे सारे शाळेतच आणि थोडक्या वेळात गाठायचे असते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते अशाच घरांसाठी. दार उघडले, तरी आत एक उंच पायरी राहिली होती. ‘वीस एक’ ही त्या पायरीशी ठेवलेली चौरंगाची फळी आहे, असे माझे मत आहे.

याचा अर्थ पुस्तकाच्या बाजूने दिलेली सारीच कारणे पटण्याजोगी होती असे नव्हे. जोडाक्षरे मुलांना जड जातात, हे कारण मला लंगडे वाटते. मूल संख्या आधी ऐकते, मग वाचते. आणि ‘म्हातारी’, ‘दप्तर’, ‘चुलत्या’ म्हणणाऱ्या जिभेला ‘अठ्ठ्याऐंशी’चे भय कशाला? खरे कारण क्रमाचे होते. तेवढेच ठामपणे सांगायला हवे होते. दुसरे असे की नुसती दोन नावे शेजारी ठेवून भागत नाही. बाजारात, एस. टी.त, घरात सगळे ‘चोपन्न’च म्हणणार. तेव्हा ‘चो’ म्हणजे चार, ‘पन्न’ म्हणजे पन्नास, ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे सांधे शिक्षकाने उकलून दाखविले तरच फळीवरून मूल घरात येईल. नाहीतर ते फळीवरच उभे राहील.

आक्षेपकांना मात्र एक गोष्ट विचारावीशी वाटते. मराठी अंकगणिताचा खरा दागिना पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनाला ‘औट’ म्हणणारा अपूर्णांकांचा संसार हा होय. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे पाढे सोळा आण्यांच्या रुपयाशी आणि चाळीस शेरांच्या मणाशी जोडलेले होते. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले, पाठोपाठ किलो आला, आणि हे पाढे मागे पडले. हिशेबाची रीत बदलली की तिची भाषाही बदलते. हे तेव्हा आपण समजुतीने घेतले. तरी ‘सोळा आणे खरे’ आपण आजही म्हणतो, सव्वाशे आणि दीडशेही म्हणतो. ज्यांची गरज उरली ते शब्द कोणाच्या रक्षणावाचून टिकले. ‘एकवीस’ही टिकेल.

आणि एक गंमत पाहा. दोघांचे पटत नाही तेव्हा आपण ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो. ही म्हण ‘छत्तीस’ या शब्दातून निघालेली नाही. तीन आणि सहा हे अंक कागदावर पाठीला पाठ लावून उभे राहतात, त्या चित्रातून निघाली आहे. तीन डावीकडे, सहा उजवीकडे. तीस सहा! ही म्हण प्रथम ज्याला सुचली, त्याने हाताचा क्रम पाहिला आणि नाव मात्र मुखाचे घेतले. दुसरीतल्या पोराने तेच करावे एवढीच त्या पुस्तकाची अपेक्षा होती.