छाया आणि चरित्रनायक

बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरय्या यांचे सुसान बिलिंग्टन हार्पर यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र ‘इन द शॅडो ऑफ द महात्मा’ या नावाने २००० साली प्रसिद्ध झाले. त्यामागील साक्षेपी संशोधन निर्विवाद आहे. विचार करावयाचा तो शीर्षकाचा. गांधीजींच्या छायेत अझरय्यांचे विस्मरण झाले, हे खरे. परंतु धर्मांतराच्या प्रश्नावर उभयतांत झालेला तीव्र मतभेद हा या जीवनाचा संचारीभाव होय. त्याचा स्थायीभाव ख्रिस्ती ऐक्याचा आहे.

१८७४ साली तिरुनेलवेली जिल्ह्यात जन्मलेले अझरय्या १९१२ मध्ये डोर्नाकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. मिशनऱ्यांनी प्रदेश आपापसांत वाटून घेतले असल्यामुळे तेलुगु खेड्यातील नवख्रिस्ती अँग्लिकन व्हावा की मेथॉडिस्ट, हे बहुधा त्याच्या गावाच्या स्थानावरून ठरे. इंग्लंडच्या इतिहासातून उपजलेले कलह त्याच्या वाट्याला असे आयते येत. १९१९ साली तरंगंबाडी येथे निघालेल्या ऐक्याच्या निवेदनामागे ही वेदना होती. त्यात अझरय्यांचा पुढाकार होता. बिशपांच्या अखंड परंपरेच्या प्रश्नावर वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळल्या. १ जानेवारी १९४५ रोजी अझरय्या निवर्तले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली.

ऐक्याच्या या सूत्राने पाहिले म्हणजे इतर घटनांचाही अन्वय लागतो. ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत, ही अझरय्यांची भूमिका त्याच वृत्तीतून आलेली दिसते. आणि येथे ते गांधीजींच्या छायेत नसून त्यांच्या शेजारी उभे आहेत. मात्र या ऐक्याची कठोर कसोटी डोर्नाकलच्या खेड्यांतच होती. तेथील ख्रिस्ती मंडळी मुख्यतः माला आणि मादिगा या दोन जातींतून आलेली. पंथभेद वाटाघाटींनी मिटतो. जातिभेद कोणत्याही ठरावाला जुमानत नाही. खेड्यांतील समाजजीवनाचा शोध घेणारा भाग हा हार्पर यांच्या ग्रंथाचा खरा गाभा आहे. शीर्षक मात्र वाचकाची दृष्टी तेथून सेवाग्रामकडे वळवते.

साध्य दृष्टिपथात येण्यापूर्वीच ज्याचे आयुष्य संपले, त्याचे माप यशाने घेता येत नाही, तसेच थोर समकालीनाच्या उंचीनेही घेता येत नाही. त्याने कोणता प्रश्न आयुष्यभर सोडला नाही, हे चरित्रकाराने पाहावे. हार्पर यांच्या ग्रंथात ते उत्तर आहे. शीर्षकात ते हवे होते.