पडद्यावरची हजेरी

शिक्षण आता दारात आले, असे सांगितले जाते. कुणाच्या दारात, हा प्रश्न विचारल्याशिवाय मला या घोषणेकडे पाहता येत नाही. २०१७ मध्ये केंद्र शासनाने ‘स्वयम्’ सुरू केले. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून घेण्यास मान्यता दिली. आणि २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात संगणक असलेली घरे होती अवघी ४.४ टक्के! त्यानंतर मोबाइल वाढले, हे खरे. पण घरातला एकुलता मोबाइल बाप कामावर घेऊन जातो, तेव्हा पोरीचे कॉलेजही त्याच्या खिशातून निघून जाते.

तरीही यंत्र नाकारणे हा आपला मार्ग नव्हे. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याच्या जगण्यापुढे वेळापत्रक वाकवले. ऑनलाइन अभ्यासक्रम मी याच कसोटीवर तपासतो आणि त्यातले पुष्कळसे नापास होतात.

ठरल्या वेळीच तास आणि कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती, ही उदाहरणे घ्या. कॅमेरा नुसता चेहरा दाखवीत नाही. तो पत्र्याची भिंत दाखवतो, दोरीवरचे कपडे दाखवतो. वर्गात बसताना निदान वस्ती बाहेर ठेवून येता येत होते. पडद्यावर मागचा बाक नसतो, असे म्हणणाऱ्यांनी चेहऱ्याखाली झळकणारे आडनावही वाचावे. घरून द्यायच्या परीक्षेत तर नजर हलली, आवाज झाला, की यंत्र संशय नोंदवते. दहा बाय दहाच्या खोलीत शांतता आणायची कुठून? निवांत खोली हीच गुणवत्ता ठरू लागली, की जातीला वेगळे बोलावे लागत नाही.

मग मानवी अभ्यासक्रम कोणता? जो तासाचे ध्वनिमुद्रण आणि कमी डेटात उघडणारा मजकूर देतो. कॅमेरा ऐच्छिक ठेवतो. उशीर झाला तर गरिबीचा पुरावा न मागता मुदत वाढवतो. मराठीतून शंका विचारू देतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आठवडाभर न दिसलेल्या विद्यार्थ्याला जिथे शिक्षक स्वतः फोन करतो. त्यासाठी शिक्षक नेमावे लागतात. एका शिक्षकामागे हजार विद्यार्थी लावून आपुलकीची व्याख्याने देणे हा ढोंगीपणा आहे.

काहीजण याला सवलत म्हणतील. सवलत हा शब्द आपण पुष्कळ ऐकला आहे. विद्यार्थ्याला त्याच्या परिस्थितीसह वर्गात घेणे ही दया नव्हे. ते शिक्षणसंस्थेचे पहिले कर्तव्य आहे. ते टाळणारा अभ्यासक्रम कितीही आधुनिक दिसो, मी त्याला जुन्याच वेशीची नवी कमान म्हणेन.