काळ्या मारबतीच्या आड बाकाबाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. सोबत बडगे असतात. बडग्यांचे विषय दरवर्षी बदलतात: कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा पुढारी. काळी मारबत मात्र तीच. १८८१ पासून निघणाऱ्या या पुतळ्यात कुणी पूतना पाहतं, तर कुणी बाकाबाई भोसले. ईडा पीडा घेऊन जा म्हणत मिरवायचं आणि शेवटी जाळायचं. पूतनेबद्दल माझी तक्रार नाही. बाकाबाईबद्दल आहे.

आरोप असा की तिने इंग्रजांशी हातमिळवणी केली. तो निराधार नाही. दुसऱ्या रघुजींची ही राणी. १८१६ मध्ये ते वारल्यावर ती अप्पासाहेबांच्या विरोधी गटात होती. १८१७ मध्ये अप्पासाहेब सीताबर्डीवर इंग्रजांशी लढले आणि हरले. मग इंग्रजांनी लहानग्या तिसऱ्या रघुजीला गादीवर बसवलं. वाड्यात बाकाबाईचा शब्द चालू लागला, पण खरा कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती होता. १८५७ मध्येही तिने आपल्या माणसांना उठावापासून लांब ठेवलं.

पण तारखा नीट लावून बघा. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. राण्यांना दत्तक घ्यायचा होता. डलहौसीने तो नाकारला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. म्हणजे उठावाच्या वेळी वाचवायला राज्य उरलंच नव्हतं. भोसल्यांचे हत्ती-घोडे सीताबर्डीवर लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात. सामान हलवलंत तर वाडाच पेटवून देईन, अशी धमकी म्हाताऱ्या बाकाबाईने दिल्याचं इंग्रज इतिहासकार जॉन के यांनी नोंदवलंय. सामान तरीही हललं.

इंग्रजधार्जिणी म्हणून हिणवलेली राणी जर्मनीतही होती. व्हिक्टोरिया राणीची थोरली लेक व्हिकी १८५८ मध्ये प्रशियात सून म्हणून गेली. बाकाबाई वारली तेच हे वर्ष. १८८८ मध्ये व्हिकीचा नवरा तिसरा फ्रेडरिक जेमतेम ९९ दिवस सम्राट होता. बिस्मार्कच्या गोटासाठी ती कायम 'इंग्रजीण'च राहिली. पण मरण्याआधी तिने आपली पत्रं गुपचूप इंग्लंडला पाठवली. ती १९२८ मध्ये छापली गेली. आज तिच्यावर रागवायचं असेल, तरी आधी तिचं म्हणणं वाचता येतं. बाकाबाईचा संताप मात्र आपल्यापर्यंत पोचतो तो एका इंग्रजाच्या पुस्तकातून, ऐकीव गोष्टीसारखा.

मला वाटतं, सीताबर्डीचा पराभव पाहिलेल्या बाईने १८५७ मध्ये हिशेब केला: उरलेलं घराणं तरी टिकवायचं. १८६० मध्ये तिच्या घराण्यातल्या दत्तक जानोजींना 'राजेबहादूर' किताब मिळाला. राज्य नाही. हिशेबातून एवढंच निघालं. त्याला भित्रा म्हणा, स्वार्थी म्हणा, माझी हरकत नाही. पण राज्य गिळणारा डलहौसी सुटतो आणि वाडा पेटवायला निघालेली म्हातारी जळते, हे व्यंग म्हणून कच्चं आहे.

मारबत बंद करा, असं मी म्हणत नाही. व्यंगाची एवढी जुनी, एवढी मोठी मिरवणूक आपल्याकडे आहे, याचा मला अभिमान आहे. पण बडगे दरवर्षी नवा गुन्हेगार शोधतात. एखाद्या वर्षी त्यांनी डलहौसीलाही शोधावं.