वॉल्टर स्पिंक : क्रम मान्य, सालांचं काय?

मंडळी, कलेतिहासाच्या प्राध्यापकाची कारकीर्द मोजायची कशी? पदांवरून, पुस्तकांवरून, की त्याने उभ्या केलेल्या वादावरून? वॉल्टर स्पिंक यांच्यापुरतं आम्ही वादाकडेच पाहणार आहोत.

स्पिंक १९६१पासून जवळपास चार दशकं अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात शिकवत होते. आयुष्यभराचा विषय मात्र एकच, अजिंठा. इथली महायान लेणी शतक-दोन शतकं खोदली जात होती, असा सर्वसाधारण समज होता. स्पिंक म्हणाले, छे! वाकाटक राजा हरिषेणाच्या आगेमागे, ४६२ ते ४८० या जेमतेम अठरा वर्षांत हे सगळं झालं.

हे नुसतं धाडस नव्हतं. आपण चित्रं बघत पुढे जातो. स्पिंक भिक्षूंच्या खोल्यांच्या दारांशी थांबले. दार फिरावं म्हणून दगडात केलेली भोकं त्यांनी तपासली. दार बसवायची पद्धत बदलत गेलेली दिसते. अर्धवट सोडलेले खांब, एकावर एक चढलेले गिलावे, मागाहून घुसवलेल्या बुद्धमूर्ती, या सगळ्यांतून त्यांनी कामाचा क्रम लावला. त्यांचं खरं योगदान आम्हाला इथे दिसतं.

पण क्रम वेगळा आणि साल वेगळं. दाराचं भोक साल सांगत नाही. त्यासाठी शिलालेख लागतो. वाशीम जिल्ह्यातल्या हिस्से-बोराळ्याचा लेख शके ३८०चा, म्हणजे इसवी सन ४५८चा. तो देवसेनाच्या राजवटीतला. हरिषेण हा देवसेनाचा मुलगा. सोळाव्या लेण्यातला लेख हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा. इथवर पाया भक्कम आहे.

मग हरिषेण वारला कधी? स्पिंक ४७७ सांगतात, आणि पुढच्या पडझडीचं चित्र रंगवताना मोठा भार टाकतात तो दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या विश्रुताच्या गोष्टीवर. त्या गोष्टीत वाकाटकांचा अस्त दडलाय, हे मत नागपूरच्या वा. वि. मिराशींचं. गंमत बघा, मिराशी हरिषेणाची कारकीर्द साधारण ४७५ ते ५०० अशी धरतात. गोष्ट तीच, साल वेगळं! शिवाय दंडी जवळजवळ दोन शतकांनंतरचा. अशा कथेवरून अमुक वर्षी काम थांबलं, तमुक वर्षी पुन्हा सुरू झालं, इतकं नेमकं बोलता येईल, असं आम्हाला वाटत नाही.

तरीही आम्ही स्पिंकना मोठे मानतो. निवृत्तीनंतर, २००५पासून, त्यांच्या अजिंठ्यावरच्या ग्रंथमालेचे खंड निघू लागले. त्यांत त्यांनी लेण्यागणिक पुरावा मांडलाय, तोही इतका तपशिलात की त्यांच्याच मापांनी त्यांना अडवता येतं. शिष्यांकडून नुसती मान डोलवून घेणारे प्राध्यापक पुष्कळ असतात. विरोधकाच्या हाती स्वतः साधनं देणारा विरळा.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच: स्पिंकचा क्रम हाती धरून लेणी पाहा, आणि त्यांनी दिलेल्या प्रत्येक सालाआधी ‘सुमारे’ लिहा.